पाळीचा कप आणि आईची चहाची गाळणी

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी एका सकाळी गॅसवर भगोनं होतं. त्यात चहाची गाळणी, आणि गाळणीत गुलाबी रबरासारखं काहीतरी उकळत्या पाण्यात डुगडुगत होतं. आईनं डोकावून पाहिलं. "बाटलीचं बूच उकळतेस का गं? कोणाचं बाळ येणारेय?"

"आजी, माझा पाळीचा कप आहे," भाची म्हणाली.

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "ते असू दे. गाळणी माझी आहे."

पाळीचा कप म्हणजे पाळीत योनीत बसवून रक्त गोळा करायची छोटी, मऊ वाटी. गाळणी त्या दिवसापासून भाचीची झाली. पण बाटलीच्या बुचाचा आईचा अंदाज फार चुकला नव्हता. बाळाच्या बाटलीची बुचं ज्या सिलिकोनची करतात, त्याच कुळातल्या वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनचे बहुतेक कप असतात. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची एकाआड एक साखळी म्हणजे सिलिकोन. ते उकळल्यानं बिघडत नाही, घडी घातली तरी सोडताच मूळ आकारात येतं, आणि शरीराशी सहसा भांडत नाही. कल्पना मात्र सिलिकोनच्या आधीची. लिओना चाल्मर्स या अमेरिकी अभिनेत्रीला १९३७ साली अशा कपाचं पेटंट मिळालं होतं. तो रबराचा होता. पुढे महायुद्धात रबराचीच टंचाई झाली, आणि बायकांनाही त्या काळी तो फारसा पचनी पडला नाही.

पॅड आणि टॅम्पॉन (योनीत ठेवायची कापसाची गुंडाळी) रक्त शोषतात, कप ते नुसतं साठवतो. फरक एवढाच, पण त्यामुळे एक गंमत होते. किती रक्त जातं ते प्रथमच डोळ्यांनी, मापात दिसतं. भाचीला वाटायचं, आपलं दर महिन्याला पेलाभर तरी जात असेल. पाच दिवसांची बेरीज केली तर ३५ मिलिलिटरच्या आसपास निघाली, म्हणजे पोह्यांचे दोन-अडीच मोठे चमचे. साधारण बाईचं तेवढंच जातं. पॅडवर ते पसरतं म्हणून जास्त वाटतं. एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर जात असेल तर मात्र ते जास्त समजतात. मग हिमोग्लोबिन तपासून घ्यावं आणि डॉक्टरांना आकडा सांगावा. "खूप जातं हो" यापेक्षा "दुसऱ्या दिवशी तीनदा भरला" हे डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचं. बऱ्याच कपांवर आतून मापाच्या रेघा असतात आणि बहुतेकांत १५ ते ३० मिलिलिटर मावतं.

निवडताना सगळे 'स्मॉल की लार्ज' एवढंच विचारतात. बाळंतपण झालं असेल तर मोठा, नसेल तर लहान, हा ढोबळ ठोकताळा आहे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे ते गर्भाशयमुख किती खाली आहे हे. पाळी चालू असताना हात स्वच्छ धुऊन बोट आत घातलं की नाकाच्या शेंड्यासारखं टणक काहीतरी लागतं. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतच लागलं तर आखूड कप घ्यावा, बोट पूर्ण जाऊनही जेमतेम लागलं तर लांब. पाळीत ते एरवीपेक्षा खाली येतं, म्हणून त्याच दिवसांत पाहायचं. कप फार मऊ असेल तर तो आत नीट उघडत नाही, आणि फार कडक असेल तर मूत्राशयावर दाब येऊन सारखं लघवीला लागल्यासारखं वाटतं.

आत घालताना कड दुमडायची, कप पाण्यानं ओला करायचा, आणि आत सोडल्यावर बुडाशी बोट फिरवून तो पूर्ण उघडला का ते पाहायचं. कुठे घडी लागली तर तिथूनच गळणार. लघवीची वाट वेगळी असल्यामुळे कप तसाच ठेवून लघवीला जाता येतं.

खरा गोंधळ काढताना होतो. पहिल्याच दिवशी भाचीचा बाथरूममधून फोन. "मावशी, आत गेलाय. निघत नाहीये!" दहा फुटांवरून फोन, पण आवाज असा की विहिरीत पडलीय.

आत तरी कुठे जाणार? योनी म्हणजे एका टोकाला बंद असलेली गल्ली. त्या टोकाच्या गर्भाशयमुखाचं छिद्र इतकं बारीक की कप त्यातून जाणं अशक्य. भाची नुसती कपाच्या बुडाची दांडी ओढत होती. टाइल्सवर चिकटणारा रबरी हुक आठवा. ओढाल तितका तो घट्ट धरतो, कडेखाली नख घातलं की हवा शिरते आणि सुटतो. कपाचंही तेच. कड भिंतीला टेकून बसते, आणि खाली ओढलं की वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो. म्हणून उकिडवं बसायचं, बूड दोन बोटांत दाबायचं, हवा आत गेली की कप हलवत हलवत बाहेर घ्यायचा. दांडी फक्त शोधण्यापुरती. तांबी बसवलेल्या बायकांनी तर हे विसरूच नये, नाहीतर त्या ओढीनं तांबी सरकू शकते. त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

दर १२ तासांच्या आत रिकामा करावा. टॅम्पॉनशी जोडला गेलेला टॉक्सिक शॉक हा जंतूंच्या विषानं होणारा गंभीर आजार कपामुळेही झाल्याचे मोजके दाखले आहेत. अचानक जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ, चक्कर असं झालं तर कप काढून तडक दवाखाना गाठायचा. 'द लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१९ साली ४३ अभ्यासांचा आढावा आला होता. गळतीच्या बाबतीत कप पॅड-टॅम्पॉनच्या तोडीस तोड किंवा सरस निघाला.

'कुमारिकांनी वापरावा का' हा प्रश्न आईनंही विचारलाच. योनिपटल, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा, ताणलं जाऊ शकतं, क्वचित फाटूही शकतं. ते सायकलनंही होतं. त्यावरून कुणाचं काय ठरवायचं, हे विज्ञानाचं काम नाही.

इंदूरच्या कचरागाडीत सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा डबा असतो. आमचा त्यातला वाटा आता कमी झालाय. कप नीट सांभाळला तर कित्येक वर्षं टिकतो. पाळी सुरू होताना आणि संपल्यावर पाच मिनिटं उकळायचा, मधल्या दिवसांत पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण पुरे. जंतुनाशक द्रावण, ब्लीच, तेल यांतलं काही लावायचं नाही. पाणी आटून भगोन्याच्या तापलेल्या तळाला टेकला तर करपू शकतो, म्हणून ती गाळणी. कडेखालची बारीक छिद्रं बुजली की हवा खेळत नाही. त्यासाठी कप पाण्यानं भरायचा, तोंडावर तळहात धरून उलटा करायचा आणि दाबायचा. छिद्रांतून कारंजी उडतात.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी नसलं की बोअर. त्या जड पाण्यात उकळलेल्या कपावर चुन्याचा पांढरा थर बसतो. भाचीला ती बुरशी वाटली होती. आईनं बादलीतला हीटर दाखवला, त्यावरही तेच पांढरं. आता कपासाठी आरओचं पाणी वापरतात. वाळला की सुती पिशवीत जातो, हवाबंद डबीत नाही. गाळणी त्याच पिशवीशेजारी खिळ्याला टांगलेली असते, दांड्याला लाल दोरा बांधून, म्हणजे कुणी चहाला घेऊ नये.