अल्फा-बीटाची पट्टी आली कुठून?

"बीटा ०.८५ म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी रुपये सुरक्षित का हो?" ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सोसायटीत रविवारी सकाळी गुंतवणुकीवर बोलणं चाललं होतं, तेव्हा एका निवृत्त शिक्षिका काकूंनी हे विचारलं. हातात फंडाची फॅक्टशीट, म्हणजे फंडाच्या आकड्यांचं माहितीपत्रक, आणि त्या आकड्याखाली पेन्सिलीने मारलेली रेघ.

तसं नसतं. बीटा ०.८५ म्हणजे बाजाराचा निर्देशांक १० टक्के हलला तेव्हा हा फंड सरासरीने साडेआठ टक्के हलला, चढताना आणि पडताना दोन्ही वेळा. त्यात सुरक्षिततेची हमी कुठेच नाही. पण काकूंचा प्रश्न माझ्या मनात राहिला. आकडा छापून हातात दिला जातो. तो कोणी, कशासाठी काढला हे कोणी सांगत नाही.

गोष्ट १९५२ पासून सुरू होते. तोवर परतावा टक्क्यांत मोजत आणि जोखमीबद्दल नुसतं बोलत. हॅरी मार्कोविट्झ या तरुण संशोधकाने त्या वर्षी जोखमीला आकडा दिला: परतावा सरासरीपासून किती वर-खाली होतो, आणि एक शेअर पडतो तेव्हा दुसरा काय करतो. कल्पना सुंदर, पण हिशेब अवाढव्य. १०० शेअर घेतले तर त्यांच्या जोड्याच ४,९५० होतात, आणि प्रत्येक जोडीचं नातं वेगळं मोजायचं.

ही अडचण १९६३ मध्ये विल्यम शार्प यांनी सोडवली. प्रत्येक शेअर दुसऱ्या प्रत्येक शेअरशी कशाला ताडायचा? सगळे एकाच निर्देशांकाशी ताडू. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर निर्देशांकाचा परतावा, उभ्या अक्षावर शेअरचा. ठिपक्यांमधून एक सरळ रेषा. रेषेचा चढ म्हणजे बीटा, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो अल्फा. १०० शेअरचं जे गणित त्या काळच्या आयबीएमच्या संगणकाला ३३ मिनिटं घ्यायचं, ते ३० सेकंदांवर आलं. तेव्हा बीटा कोणाच्या फंडाला गुण द्यायला जन्मलाच नव्हता. तो संगणकाचा वेळ वाचवायला आला होता.

पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, शार्प यांनी त्यावर सिद्धांत उभा केला, तोच सीएपीएम (कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेल). जॅक ट्रेनर, जॉन लिंटनर आणि यान मोसिन हेही स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालले होते. सांगणं एवढंच: वेगवेगळे शेअर घेऊन जी जोखीम टाळता येते, तिच्याबद्दल बाजार बक्षीस देत नाही. जी टाळता येत नाही, म्हणजे बीटा, तिचाच मोबदला मिळतो. १९९० मध्ये मार्कोविट्झ आणि शार्प यांना मर्टन मिलर यांच्यासोबत नोबेल मिळालं.

मला मात्र यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस मायकेल जेन्सन वाटतो. १९६८ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या ११५ म्युच्युअल फंडांची १९४५ ते १९६४ ची कामगिरी तपासली. या फंडांचा सरासरी बीटा होता ०.८४, जवळजवळ काकूंच्या फंडाइतकाच. म्हणजे फंड बाजारापेक्षा कमी जोखीम घेत होते, आणि त्यांना थेट बाजाराशी ताडणं अन्याय झाला असता. म्हणून जेन्सन यांनी आधी विचारलं, एवढ्या बीटाला किती परतावा मिळायलाच हवा होता? त्याच्या वर जे उरेल ते व्यवस्थापकाचं कर्तृत्व. हाच आपला अल्फा.

समजायला सोपे आकडे घेऊ. बिनजोखमीचा दर, म्हणजे काहीही धोका न घेता मिळणारं व्याज, ७ टक्के, बाजाराने दिले १३, म्हणजे ६ जास्त. एका फंडाचा बीटा १.२, परतावा १६. त्याला ७ अधिक ६ च्या १.२ पट, म्हणजे १४.२ मिळायलाच हवे होते, अल्फा १.८. दुसऱ्याचा बीटा ०.८, परतावा १४. त्याच्याकडून अपेक्षा ११.८ ची, अल्फा २.२. कमी परतावा देणारा फंड इथे सरस ठरला. जेन्सन यांचा निष्कर्ष मात्र फंडांना जड गेला: खर्च वजा जाता सरासरी अल्फा उणे १.१ टक्के.

जेन्सन यांच्या त्या लेखात एक बारीक गोष्ट आहे, आणि मी तिच्यासाठीच हे सगळं सांगतोय. बाजाराचा परतावा काढताना जेन्सन यांनी निर्देशांकाच्या वाढीत कंपन्यांनी दिलेला लाभांशही धरला होता. फंडाला लाभांश मिळतो, तो एनएव्हीत, म्हणजे एका युनिटच्या खऱ्या मूल्यात, जातो. मग ज्या निर्देशांकाच्या पट्टीने फंड मोजायचा, तिच्यातही तो हवाच.

आता इकडे या. शार्प यांचा सिद्धांत छापला गेला त्याच १९६४ साली युनिट ट्रस्टची युएस-६४ योजना आली, १० रुपये दर्शनी किमतीची. वागळे इस्टेटमधले कामगार असोत की गोखले रोडवरचे दुकानदार, त्या पिढीसाठी म्युच्युअल फंड म्हणजे 'युनिट'. पण तिची खरेदी-विक्रीची किंमत ठरवून जाहीर होई, एनएव्ही सांगितली जात नसे. जुलै २००१ मध्ये व्यवहार थांबवावे लागले, तेव्हा जाहीर किंमत आणि आतल्या शेअरचं मोल यांतली दरी लोकांना कळली. एनएव्हीच ठाऊक नाही तिथे बीटा कशाचा काढणार? निर्देशांकही उशिराच आले. सेन्सेक्स १९८६ मध्ये, निफ्टी १९९६ मध्ये.

ते आल्यावरही पट्टी आखूडच राहिली. फंड स्वतःला लाभांश वगळलेल्या निर्देशांकाशी ताडत. तो लाभांश वर्षाला साधारण एक-दीड टक्का. समजा बीटा १ आहे, निर्देशांक १२ टक्के वाढला, लाभांश सव्वा टक्का आणि फंडाने दिले साडेतेरा. जुन्या पट्टीने अल्फा दीड टक्का, खऱ्या पट्टीने पाव टक्का. वर्षानुवर्षं कंपन्यांचा लाभांश व्यवस्थापकाच्या हुशारीच्या खात्यात जमा होत राहिला, आणि साध्या गुंतवणूकदाराला ते कळायला मार्ग नव्हता. याचं मला आजही वाईट वाटतं. बाजाराची नियामक संस्था सेबी हिने फेब्रुवारी २०१८ पासून लाभांशासह निर्देशांक, म्हणजे टीआरआय, सक्तीचा केला. जेन्सन यांच्या लेखाला तेव्हा ५० वर्षं होत होती.

दुसरी फट फंडांच्या नावांत होती. लार्ज कॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांचा, म्हणवणाऱ्या फंडात मिड कॅप, म्हणजे मध्यम कंपन्यांचे, शेअर भरले आणि तुलना मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाशी ठेवली, तर तेजीत अल्फा आपोआप फुगतो. सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या वर्गवारीने लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसे पहिल्या १०० कंपन्यांत ठेवणं बंधनकारक केलं. डिसेंबर २०२१ पासून प्रत्येक वर्गासाठी ठरावीक पहिला बेंचमार्क, म्हणजे तुलनेचा निर्देशांक, आला.

काकूंचा फंड फ्लेक्सी कॅप, म्हणजे लहान-मोठ्या कुठल्याही कंपन्या घेऊ शकणारा, होता, बेंचमार्क निफ्टी ५०० टीआरआय. फॅक्टशीटवर बीटा होता, शार्प रेशो (जोखमीच्या मानाने किती परतावा मिळाला ते सांगणारा आकडा) होता, अल्फा छापलेला नव्हता. तो आम्ही एका पाठकोऱ्या कागदावर काढला. आला ०.६ टक्के, तोही फक्त ३६ महिन्यांचा. काकूंनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, "त्याच्या आधीच्या ३६ महिन्यांचे आकडे कुठे मिळतील?"