जिन्यावर आपण इतके का दचकतो?

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’ (१९६०) या भयपटाचा विषय निघाला की सगळे न्हाणीघरातल्या खुनाबद्दल बोलतात. मला मात्र त्यानंतरचा जिना जास्त कसबाचा वाटतो.

आर्बोगास्ट हा खाजगी गुप्तहेर टेकडीवरच्या घरात शिरतो, हॅट काढतो, पायऱ्या चढू लागतो. त्या घरात सुरा चालवणारं कुणीतरी आहे हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. वरचं दार किलकिलं होतं, गालिच्यावर उजेडाची चीर पडते. ‘अरे, परत फिर!’ असं ओरडावंसं वाटतं.

अचानक मोठा आवाज झाला की साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत पापण्या मिटू लागतात. विचार करायला तेवढा वेळच नसतो. मेंदूचा सगळ्यात खालचा भाग हे परस्पर उरकतो. पण दचकण्याचा जोर दर वेळी सारखा नसतो. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना आधी विशिष्ट संकेतानंतर विजेचा झटका बसण्याची सवय लावली. मग तो संकेत चालू असताना मोठा आवाज केला, तर ते एरवीपेक्षा कितीतरी जोरात दचकत. माणसांचंही तसंच होतं. धोक्याची चाहूल लागली की शरीर आधीच ताणून बसतं.

आपल्याला ती सवय न्हाणीघराच्या प्रसंगाने लावलेली असते. जिन्यावर हिचकॉक फक्त वेळ काढतो, आणि ती काढण्यातच त्याचं कसब आहे. सावकाश पावलं, खाली दबलेले सूर. मग कॅमेरा एकदम छतापाशी. तिथून हल्लेखोराचा चेहरा दिसत नाही, आणि लपवलाय अशी शंकाही येत नाही. त्या लांबच्या दृश्यावर लगेच आर्बोगास्टचा पडदाभर चेहरा येतो. सोबत व्हायोलिनं किंचाळतात.

‘किंचाळतात’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. डॅनियल ब्लमस्टीन हे जीवशास्त्रज्ञ मार्मट या खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करतात. घाबरलेल्या पिल्लाच्या किंकाळीत आवाज फाटतो, खरखरीत होतो. २०१० साली त्यांनी सहकाऱ्यांसह चित्रपटांचे ध्वनी तपासले, तेव्हा भयपटांत असे फाटलेले आवाज जास्त सापडले. संगीतकार बर्नार्ड हरमनकडे फक्त तंतुवाद्यं होती. त्यांतून त्याने तोच फाटलेपणा काढला.

गंमत म्हणजे हिचकॉकला न्हाणीघराच्या प्रसंगात संगीत नकोच होतं. हरमनने तरीही ते रचलं. ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं, म्हणूनच तीच व्हायोलिनं जिन्यावर पुन्हा ऐकू येतात.