हार्मोनची गोळी हार्मोन देत नाही

अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत एक समज घट्ट बसलाय: स्तनाच्या कॅन्सरनंतरची ‘हार्मोनची गोळी’ अंगात हार्मोन भरते आणि पिशवीचा कॅन्सर करते. पहिला भाग साफ उलटा. या गोळ्यांपैकी टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनला, म्हणजे बाईच्या शरीरातल्या हार्मोनला, स्तनाच्या पेशीवर बसूच देत नाही. दुसरी गोळी, लेट्रोझोल, पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात ते तयार होणंच रोखतं. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे: पाळी गेल्यावर टॅमॉक्सिफेननं गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो. पण गाठ ईआर-पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर वाढणारी असेल, तर ५ वर्षांच्या टॅमॉक्सिफेननं स्तनाच्या कॅन्सरनं मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांश घटतो. लेट्रोझोलनं सांधे दुखतात. दिवसभर विड्या वळणारीला ते जडच जातं. पण तेवढ्यासाठी गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. अंगावरून रक्त गेलं, तर मात्र लगेच दाखवा.