गरम झाल्यावरच का बंद पडते?

सकाळी गाडी एका स्टार्टरमध्ये सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटं छान पळते, आणि मग सिग्नलला थांबलं की इंजिन मान टाकतं. स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही पेटत नाही. अर्ध्या तासाने चावी फिरवली की जणू काही झालंच नव्हतं! ओढून गॅरेजमध्ये न्यावी, तर तोपर्यंत ती थंड झालेली असते आणि मेकॅनिकसमोर अगदी शहाण्यासारखी वागते. मग अंदाजाने एकेक भाग बदलायला सुरुवात होते.

हा बिघाड उष्णतेत जन्मतो आणि गारव्यात लपतो. म्हणून थंड गाडीची तपासणी जवळजवळ वाया जाते. तपासायचं ते गाडी बंद पडलेल्या त्या दहा मिनिटांत.

पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन आणि ठिणगी या तीन गोष्टी वेळेवर मिळाव्या लागतात. बंद पडलेल्या क्षणी यातलं काय गायब आहे, हा पहिला प्रश्न. त्याचं अर्धं उत्तर बंद पडण्याच्या तऱ्हेतच असतं. दिव्याचं बटण बंद करावं तसं इंजिन एकदम गप्प झालं, तर संशय विजेवर घ्यावा. आचके देत, दम लागल्यासारखं थांबलं, तर बहुधा इंधन कमी पडतंय किंवा जास्त होतंय. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा असेल तर त्याच्यावर नजर ठेवा. गाडी अजून गिअरमध्ये ढकलली जात असताना, म्हणजे इंजिन प्रत्यक्षात फिरत असतानाच काटा धाडकन शून्यावर आला, तर इग्निशनचा (ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचा) किंवा क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरतंय हे कळवणाऱ्या सेन्सरचा, संदेश तुटला असं समजायला हरकत नाही.

विजेच्या भागांना उष्णता का सोसत नाही, हे समजायला तांबं पुरेसं आहे. तांब्याची तार २० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तिचा विद्युतरोध सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो. हे सामान्य आहे, आणि इंजिन बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरलेलं असतं. खरी अडचण येते ती जुन्या तारेला बारीक चीर गेली की. क्रँक सेन्सरच्या आत केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे प्लॅस्टिकमध्ये गाडलेले असतात. प्लॅस्टिक तांब्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं. गरम झालं की ते तारेला ताणतं, चिरेची दोन टोकं एकमेकांपासून सुटतात आणि संदेश बंद होतो. गार झालं की टोकं पुन्हा टेकतात. इंजिन कंट्रोल युनिटला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, इंजिन फिरतंय हेच कळत नाही, त्यामुळे ते इंधनही थांबवतं आणि ठिणगीही. दोन्ही एकाच वेळी गेलेलं दिसलं, तर मी सगळ्यात आधी या सेन्सरकडे जातो.

माझ्या जुन्या गाडीचा असाच एक सेन्सर मी काढून टेबलावर ठेवला, त्याच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावला आणि केस वाळवायच्या यंत्राने त्याला ऊब द्यायला लागलो. गार असताना ८६० ओहम. मग ९००, ९५०, १,०००, आकडा सावकाश, शिस्तीत चढत होता. १,०२० वर पोचला आणि पुढच्या क्षणी मीटरने सर्किट तुटल्याची खूण दाखवली. यंत्र बंद करून दोन-तीन मिनिटं थांबलो, तर आकडा परत आला. गंमत म्हणजे तार स्वतःच थर्मामीटरचं काम करते. रोध १९ टक्क्यांच्या आसपास वाढला, याचा अर्थ तांबं सुमारे ४८ अंशांनी तापलं होतं. चालत्या इंजिनाच्या अंगाला लागून बसलेल्या भागाला एवढं तापमान सहज मिळतं. इतकी नेमकी तपासणी घरच्या टेबलावर होते याचा मला आजही आनंद वाटतो. मात्र ही पद्धत वेढ्यांच्या, दोन तारांच्या सेन्सरसाठीच आहे. हॉल प्रकारच्या, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या सेन्सरला ओहम मोजून काही कळत नाही.

इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), इग्निशन मॉड्यूल (तिला चालू-बंद करणारं), मेन रिले (वीज जोडणारा स्विच) यांचीही कथा याच वळणाची. रिलेमध्ये बहुतेकदा झाळ तडकलेली असते. ठिणगी तपासताना मात्र जपावं. तिथे हजारो व्होल्ट असतात, म्हणून ठिणगी तपासायचा टेस्टर वापरावा आणि आसपास पेट्रोलची वाफ नसावी.

कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना भाग) गाड्यांत इंधनाकडे आधी बघावं. पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक तीस-पस्तीस अंशांनाच उकळायला लागतात. त्यातून जुना यांत्रिक पंप इंजिनालाच बोल्टने जोडलेला, आणि तो पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पंपाचा पडदा पेट्रोल ढकलण्याऐवजी ती वाफच दाबत बसतो. इंजिन बंद केल्यावर तर पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, म्हणून बॉनेटखालचं तापमान काही मिनिटं उलट वाढतं. थांबल्यानंतर लगेच सुरू न होण्याचं हेही एक कारण. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवून गाडी लवकर सुरू झाली, तर संशय बळावतो. पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप सहसा टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली असतं, त्यामुळे हा त्रास क्वचित होतो.

याच्या उलट, चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) इंजिन गरम झाल्यावर उघडलाच नाही तर मिश्रण गरजेपेक्षा जास्त घट्ट होतं, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. प्लग काढून पाहावा: कोरडी काळी काजळी आणि पेट्रोलचा वास असेल तर तोच दोष. इंजेक्शनच्या गाडीत हेच काम पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बिघडवू शकतो. इंजिन तापलं तरी तो थंडच सांगत राहिला, तर कंट्रोल युनिट जास्तीचं पेट्रोल देतच राहतं. या सेन्सरचा रोध तांब्याच्या उलट, तापल्यावर कमी होतो. २० अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास, असे सेन्सर सर्रास आढळतात. आपल्या गाडीचे आकडे मॅन्युअलमध्ये बघावेत.

एक तपासणी इतकी सोपी आहे की लोक ती विसरतात. गाडी बंद पडल्यावर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडावं. हवा सूं करून आत गेली आणि लगेच गाडी सुरू झाली, तर टाकीची हवेची वाट तुंबलेली आहे. पेट्रोल संपत जातं, त्या जागी हवा येत नाही, आणि शेवटी पंपाला त्या निर्वाताशी झुंजावं लागतं. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना चुकूनही उघडू नये.

झडपांच्या फटी घट्ट झाल्या असतील तर त्याही गरम झाल्यावरच त्रास देतात. झडप तापून लांबते, पूर्ण मिटत नाही आणि आयडलिंगला दाब गळतो. पण तिथवर जायच्या आधी गाडीत एक ठिणगीचा टेस्टर, मल्टिमीटर आणि वही ठेवा. बंद पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ठिणगी आहे का, पेट्रोल पोचतंय का, आणि किती वेळाने ती पुन्हा सुरू झाली, हे तिथल्या तिथे लिहा. मेकॅनिकच्या हातात किल्लीबरोबर ती वहीही द्या.