खरवडलेल्या डांबराचा जॉब मिक्स मंजूर का होत नाही?

रस्ता खरवडून निघालेला डांबरी माल नव्या थरात वापरायचा, तर त्याचा जॉब मिक्स, म्हणजे खडी, नवे डांबर आणि जुना माल किती प्रमाणात मिसळायचा याचा आराखडा, आधी मंजूर करून घ्यावा लागतो. अर्जदाराकडे जुना माल वेगळ्या वाटेने आत घेणारा प्लांट हवा. प्लांटचे कॅलिब्रेशन, खडीच्या चाचण्या, नव्या डांबराचे प्रमाणपत्र हे कागद नेहमीचेच.

फाईल अडते ती माल कुठून आला याच्या नोंदीवर, कारण ती कोणाकडेच नसते. कुठला रस्ता, कोणता थर, किती खोल खरवडला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. ढीग लागल्यावर ते सांगता येत नाही. ही नोंद मागतात त्याला कारण आहे: जुन्या थरांत कोलतार (दगडी कोळशापासून निघणारे काळे चिकट द्रव्य) असू शकते आणि ते तापवल्यावर निघणारी वाफ कर्करोगाला कारण ठरते. कोलतार दिसायला डांबरासारखेच काळे. तुकडा फोडून ताज्या कडेवर तपासणीचा पांढरा फवारा मारला आणि तो पिवळट पडला, तर तो माल गरम मिश्रणात घालूच नका. पण छाननीवाले नुसता ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा मारून फाईल परत पाठवतात. नेमके काय हवे ते लिहीत नाहीत. हे चूक आहे. कोणता कागद कमी आहे ते लेखी मागा.

दुसरी अडचण डांबराच्या ग्रेडची, म्हणजे ते किती कडक किंवा मऊ आहे याची. रस्त्यावर वर्षानुवर्षे राहून डांबर कडक होते; पेनिट्रेशन (त्यात सुई किती खोल रुतते ते माप) घटते, सॉफ्टनिंग पॉइंट (ते मऊ पडण्याचे तापमान) वाढतो. आश्टो या अमेरिकेतल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या एम ३२३ मानकातली जुनी, अजूनही वापरली जाणारी विभागणी अशी: जुना माल १५ टक्क्यांच्या आत असेल तर ग्रेड तीच, १५ ते २५ टक्के असेल तर एक पायरी मऊ, त्यापुढे जुने डांबर काढून, तपासून, जुने आणि नवे डांबर मिसळून कोणती ग्रेड येते याचा तक्ता मांडायचा. अर्जात मात्र माल २० टक्के आणि ग्रेड नेहमीचीच, असे सर्रास दिसते. मग थर लवकर तडकतो आणि दोष जुन्या मालावर येतो.

प्रयोगशाळेच्या अहवालाची मुदतही चुकीची वाचली जाते. तारीख ताजी आहे म्हणून अहवाल चालेल असे नाही. नमुने घेतल्यावर त्या ढिगावर दुसऱ्या रस्त्याचा एक डंपर जरी ओतला, तरी तो अहवाल त्या ढिगाचा राहत नाही. नवा माल वेगळा टाका, जुन्या ढिगावर पाटी लावा, वर छप्पर घाला. आणि नमुने घेताना तपासनीसाला ढिगापाशी उभे करून तिथेच सही घ्या.