चित्रकथांवरील वाचकटीपा

कॉमिक किंवा ग्राफिक कादंबरी वाचताना वाचकांनी पानवार आणि चौकटवार लिहिलेले खुलासे म्हणजे वाचकटीपा. चित्रात मागे दिसणारी इमारत कोणती, पात्राच्या तोंडचे वाक्य मुळात कोणाचे, भिंतीवरच्या कॅलेंडरात कोणता महिना आहे, भाषांतरात कोणते नाव बदलले, अशा गोष्टी त्यांत नोंदवलेल्या असतात. लिहिणारा बहुधा प्रकाशकाचा माणूस नसतो आणि त्याला कोणी पैसेही देत नाही. आपल्याला जे सापडले ते पुढच्या वाचकाच्या हाती लागावे, एवढ्यासाठी तो रात्री जागवतो.

टीपेला आधी पत्ता लागतो: ‘पान ७, चौकट ३’. चौकटी डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली मोजतात. मांगा म्हणवल्या जाणाऱ्या जपानी कॉमिकमध्ये उजवीकडून सुरुवात होते. काही पुस्तकांत ही मोजणीच चालत नाही. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरील ‘भीमायन’मध्ये (२०११) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड या आदिवासी शैलीत चित्रे काढली आहेत. तिथे सरळ रेघांच्या चौकटी नाहीत, पाने नक्षीच्या वळणांनी विभागलेली आहेत. संवादाचे फुगेही वेगळे: साध्या, सौम्य बोलण्याला पक्ष्याचा आकार, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. अशा पानावर टीपकाराला ‘डावीकडच्या झाडाखालचा माणूस’ अशी खूण सांगावी लागते.

इंग्रजी चित्रकथांवर असे काम इंटरनेटच्या सुरुवातीच्या वर्षांपासून होत आले आहे. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ने (१९८६-८७) त्याला भरपूर खाद्य पुरवले. त्याच्या पाचव्या अंकातील पानांची रचना मधल्या पानापासून दोन्ही बाजूंना आरशासारखी जुळते, आणि हे पहिल्या वाचनात सहसा लक्षात येत नाही. ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’मध्ये तर जवळजवळ प्रत्येक पात्र जुन्या कादंबऱ्यांतून उचललेले. जेस नेव्हिन्स या ग्रंथपालाने तिच्यावर लिहिलेल्या टीपांचे २००३ मध्ये पुस्तक झाले. पुढे प्रकाशकांनीच हे काम हाती घेतले: लेस्ली क्लिंगर यांच्या टीपांसह ‘सँडमॅन’ २०१२ पासून आणि ‘वॉचमेन’ २०१७ मध्ये निघाले.

मराठी वाचकाला मात्र सर्वांत जास्त ऐवज सापडतो तो इंद्रजाल कॉमिक्समध्ये. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली आणि मराठीतही निघत असे. ली फॉक यांचा फँटम तिच्यात वेताळ झाला. या एका नावावरच लांब टीप लिहिता येईल. मूळ नायक कवटीच्या गुहेत राहणारा, मुखवटा घातलेला माणूस. मराठी कानाला मात्र वेताळ म्हटले की वेताळपंचविशी आठवते, शेंदूर फासलेला गावाबाहेरचा दगड आठवतो, आणि पुणेकराला तर आधी वेताळ टेकडी आठवते. भाषांतरकाराने नाव बदलले आणि त्याबरोबर एक आख्खी लोककथा वेताळाच्या पाठीवर बसवली.

बाकीचे बदल सावधगिरीपोटी झाले. मूळ कथेतला ‘बेंगाली’ हा प्रदेश इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत ‘देंकाली’ झाला, कारण बंगालशी गल्लत झाली असती. ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. रामा नावाचा खलनायक ‘रामालू’ झाला. शिवाय फँटमची कथा मुळात वर्तमानपत्रातली चित्रपट्टी. तिचे अंकाचे पान करताना चौकटी कापल्या गेल्या, काही गाळल्या गेल्या. म्हणून मूळ पट्टी आणि अंक शेजारी ठेवून केलेली तुलना ही वाचकटीपांतली सर्वांत मोलाची नोंद ठरते.

या तुलनेला पुण्यात नवा शब्द शोधावा लागत नाही. पाठभेद, म्हणजे एकाच मजकुराच्या प्रतींतला फरक, हा शब्द इथे आहेच. इथल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीही हस्तलिखितांतला ओळन्‌ओळ फरक खाली नोंदवत. कॉमिकच्या दोन प्रतींतला फरक टिपणारा वाचक कामाच्या आकाराने त्या पंडितांच्या जवळपासही नाही. पद्धत मात्र तीच. दोन्ही प्रती समोर ठेवायच्या, दिसेल तेच लिहायचे, आवडलेला पाठ खरा मानायचा नाही.

जुने अंक रद्दीच्या दुकानांत आणि पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात शोधणाऱ्याला क्रमांकांचेही कोडे पडते. इंद्रजालचे १२३ आणि १२४ हे अंक कितीही शोधले तरी मिळत नाहीत. संपामुळे ते निघालेच नाहीत. ‘अमर चित्र कथा’ची १९६७ नंतरची यादी इंग्रजीत ११ व्या क्रमांकाच्या ‘कृष्ण’पासून सुरू होते, आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते आणि कन्नडमध्ये निघाले होते. असे दोन ओळींचे खुलासे संग्राहकाची कित्येक वर्षांची पायपीट वाचवतात.

पुण्याविषयीच्या चित्रकथांवर टीप लिहिण्याचा हक्क, आणि जबाबदारीही, पहिल्यांदा पुणेकर वाचकाची आहे. जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’वर (१८७३) आधारलेली ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ ही श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांची ग्राफिक कादंबरी २०११ मध्ये इंग्रजीत आली. मूळ पुस्तक जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाचे आहे आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलेले आहे. धोंडीबा कोण, हे न सांगता परक्या वाचकाला पुढे नेणे बरोबर नाही.

स्थळांचेही तसेच. १८४८ च्या पुण्याचे चित्र काढताना कोणी मागे मंडईचा मनोरा दाखवला तर टीप हवीच, कारण मंडई १८८६ ची. त्याच टीपेत हेही यावे की नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, आणि आज तिला त्यांचेच नाव आहे. चित्रकाराची चूक दाखवण्यापुरती टीप थांबली तर ही गोष्ट हातची जाते.

वाईट टीप ओळखणे सोपे आहे: ती चित्रात जे दिसतेच ते पुन्हा सांगते, किंवा टीपकाराचे स्वतःचे मत लेखकाच्या पदरात टाकते. ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणाऱ्याला एकनाथांनी अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा म्हटले होते. टीप मजकुराच्या बाहेर राहावी, ‘बहुधा’ आणि ‘नक्की’ यांतला फरक तिने पाळावा, आणि कथेचा शेवट आधीच फोडू नये. टीकेसाठी किंवा समीक्षेसाठी रास्त प्रमाणात उतारा घेण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ देते. आख्खे पान छापण्यापेक्षा चौकटीचा पत्ता देण्याची रीत त्या दृष्टीनेही बरी.

टीपेखाली तारीख लिहिणेही गरजेचे आहे. फुले दांपत्याची मुलींची शाळा ज्या भिडेवाड्यात भरली तो बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर होता. २०२३ पूर्वी लिहिलेल्या टीपेत ‘वाडा पडझड झालेल्या अवस्थेत उभा आहे’ असे वाक्य असेल तर ते तेव्हा खरे होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात स्मारकासाठी वाडा पाडण्यात आला.