डिपर, वॉट आणि डोळ्यांत घुसणारा उजेड

पूर्व द्रुतगती मार्गावर रात्री मागच्या गाडीच्या दिव्यांचा, आरशातून डोळ्यांत घुसणारा पांढरा उजेड नवा असला, तरी भांडण जुनं आहे. १९७१च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी मुंबईतल्या गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचे. युद्ध संपलं, तरी काळा पट्टा टॅक्सी-ट्रकच्या काचांवर पुढे बरीच वर्षं टिकला, आता समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. उपाय ओबडधोबड होता, पण तेव्हा दिवेही पिवळट आणि मंदच होते.

खरा घोळ घातला तो ‘डिपर’ या शब्दाने. मुळात अर्थ साधा: उजेड खाली झुकवणे. जुन्या ॲम्बॅसडरमध्ये त्याचं बटण पायाशी, क्लचच्या डावीकडे असायचं. एकदा दाबलं की खाली, पुन्हा दाबलं की वर. पुढे हे काम स्टिअरिंगमागच्या दांडीकडे गेलं. ती नुसती आपल्याकडे ओढली तरी वरचा झोत लकाकायला लागला, आणि ‘डिपर मारणे’ म्हणजे डोळ्यांवर झोत मारणे असा नेमका उलटा अर्थ रूढ झाला. ‘मी थांबणार नाही, तू थांब’ हे सांगायलाही डिपर, आणि ‘बाबा, तुझा फुल खाली घे’ हे सांगायलाही डिपरच. ट्रकच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाइट’ लिहिलेलं असतं. त्यातून झोत खाली ठेवायचा की लकाकवायचा, हे वाचणाऱ्याच्या पिढीवर अवलंबून. मराठी कानाला तर ‘डिपर’ आणि ‘दिपणे’ हे शब्द सख्खे भाऊच वाटतात, आणि रस्त्यावरचा अनुभवही तसाच.

दुसरा घोळ वॉटचा. गाडीच्या दिव्यातला एच-फोर हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा, म्हणजे वरच्या झोताला ६०, खालच्याला ५५. वरच्या झोताची तार वेगळी, खालच्या झोताची वेगळी, आणि खालच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी. सगळी करामत त्या वाटीची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीसमोर गाडी उभी करून पाहा: उजेडाची वरची कड सरळ कापल्यासारखी दिसते आणि फक्त डावीकडे, फुटपाथच्या बाजूला, किंचित वर चढते. ॲक्सेसरीच्या दुकानांत १००/९० वॉटचे बल्ब आले तेव्हा आक्षेप घेणं सोपं होतं, कारण आकडा बल्बवरच छापलेला असायचा. एलईडीने ती सोय संपवली. कमी वॉटमध्ये उजेड जास्त, रंगही ६००० केल्विनच्या आसपास, निळसर. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात तो खोचला, की प्रकाश नेमका तारेच्या जागेवरून निघेलच असं नाही. मग भिंतीवर कड उरत नाही, नुसता फराटा दिसतो. कंपनीतून एलईडीसह आलेल्या दिव्याला आणि अशा खोचलेल्या बल्बला एकाच तराजूत तोलणं मला अन्यायाचं वाटतं. अर्थात उंच गाडीचा बिनदोष दिवाही ठेंगण्या गाडीच्या आरशात नेमका येतो, हेही खरं. त्यात भर म्हणजे एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहू लागला.

झोत न वाढवता दिसावं कसं, हा प्रश्नही आजचा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच एका अमेरिकन संशोधकाने दिव्यावर आणि काचेवर ध्रुवण-गाळणी (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश पुढे सोडणारा पडदा, पोलरायझर) बसवायची युक्ती सुचवली होती. पण फायदा व्हायचा तर सगळ्याच गाड्यांना ती हवी, शिवाय गाळणीत निम्म्याहून जास्त उजेड वाया जातो. बेत बारगळला. २०००च्या सुमारास एका महागड्या अमेरिकन गाडीत उष्णता टिपणारा कॅमेरा आला. तो पुढच्या जाळीत बसवावा लागतो, कारण ती किरणं समोरच्या काचेतून आरपार जात नाहीत. अंगाची ऊब आणि भोवतालची थंडी यांतला फरक त्याला लागतो. मे महिन्यात रात्रीही तापलेल्या डांबरावर त्याला तो कितपत मिळणार?

२०१३पासून आलेले मॅट्रिक्स दिवे समोरच्या गाडीपुरता झोत विझवतात आणि बाकीचा तसाच ठेवतात. अमेरिकेने २०२२पर्यंत त्यांना परवानगी दिली नव्हती, कारण तिथल्या जुन्या नियमात ‘वरचा’ आणि ‘खालचा’ असे दोनच झोत होते. हे दिवे कॅमेऱ्याने समोरच्याचा दिवा ओळखतात. बिनदिव्याच्या हातगाडीला किंवा दुभाजक ओलांडून येणाऱ्या माणसाला ही सवलत मिळेलच असं नाही.

आतल्या आरशाखाली एक छोटी खुंटी असते. ती ओढली की मागचा उजेड मंदावतो, पण ती कशासाठी आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. बाहेरच्या आरशांना तशी खुंटी नसते.